खाडीतील सांडपाण्याचे भाकीत : यंत्रशिक्षण आणि गावची नोंदवही

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब प्रचलित आहे. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी आणि येईल तितक्या वाजता पूर्ण भरती समजावी. या हिशेबाने अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता, तर पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास भरती येते. स्थळपरत्वे ही वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे होते आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी ती लांबते. तथापि नौका लोटण्यास किंवा पाग टाकण्यास एवढा अंदाज पुरेसा होतो. हा नियम बसविण्यास कोणतेही उपकरण लागले नाही. पुष्कळांनी पुष्कळ दिवस पाणी पाहिले, अंदाज व प्रत्यक्ष यांची तुलना केली आणि मेळ बसेल असा गुणक ठरविला.

संगणकशास्त्रात ज्यास यंत्रशिक्षण किंवा मशीन लर्निंग म्हणतात, त्याचे मूळ याच रीतीत आहे. पूर्वीच्या नोंदी यंत्रापुढे ठेवावयाच्या आणि त्यांतून नियम शोधण्याचे काम यंत्रावर सोपवावयाचे, अशी ही पद्धती होय. नदीत, खाडीत वा समुद्रात सोडलेले सांडपाणी पुढे कोठे जाईल, किती पातळ होईल आणि भरतीबरोबर परत येईल की नाही, याचे भाकीत करण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला आहे. खाडीकाठच्या गावांनी या विषयाची ओळख करून घेणे हिताचे आहे. कारण या यंत्रास लागणारा शिधा म्हणजे नोंदी, आणि त्या गावाजवळच तयार व्हावयाच्या असतात.

केळशीची खाडी

दापोली तालुक्यातील केळशी हे गाव भारजा नदीच्या मुखाशी वसले आहे. मंडणगड तालुक्याच्या डोंगरांतून येणारी ही नदी येथे समुद्रास मिळते. नारळी-पोफळीच्या वाड्या, महालक्ष्मीचे देवस्थान, खाडीमुखाजवळची वाळूची उंच टेकडी आणि खाडीवर जगणारी मच्छीमार कुटुंबे ही या गावाची ओळख. उत्तरेस बाणकोटजवळ सावित्रीची खाडी आहे आणि दक्षिणेस दाभोळजवळ वाशिष्ठीची. सावित्रीच्या खोऱ्यात महाड येथे आणि वाशिष्ठीच्या खोऱ्यात लोटे-परशुराम येथे रासायनिक कारखान्यांच्या मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. दाभोळ खाडीत मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी तेथील मच्छीमारांनी गेल्या अनेक वर्षांत वारंवार जाहीरपणे मांडल्या आहेत.

केळशीस तसा मोठा कारखाना नाही. तेथे विचार करावयाचा तो घरगुती सांडपाण्याचा, शौचालयांच्या टाक्यांतून होणाऱ्या पाझराचा, प्रवाशांच्या निवासांतून येणाऱ्या पाण्याचा आणि मासळी धुतलेल्या पाण्याचा. या प्रत्येकाचे प्रमाण थोडे असते. परंतु खाडीही लहान आहे. पावसाळ्यात या भागात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व नदी दुथडी वाहते. फाल्गुन-चैत्रात मात्र नदीचे गोडे पाणी अगदी क्षीण होते आणि खाडीत जी काही हालचाल राहते ती भरती-ओहोटीचीच. पाहुण्यांची वर्दळ व सांडपाणी वाढते तेही बहुधा याच कोरड्या महिन्यांत.

खाडीच्या पाण्यावर तिसऱ्या व कालवे काढणाऱ्या स्त्रियांची मिळकत अवलंबून असते. बोयटे, कोळंबी व चिंबोऱ्या धरणाऱ्यांचे पोट त्यावर चालते. खारबंदिस्तीच्या आतील शेती व कोळंबीची तळी यांचेही आरोग्य याच पाण्याशी बांधलेले असते. एका रात्री तळ्यात वाईट पाणी शिरले तर हंगामाचे भांडवल बुडते. याकरिता पाणी बिघडल्यावर त्याची चौकशी करण्यापेक्षा ते केव्हा बिघडणार हे आधी कळणे अधिक मोलाचे आहे.

सांडपाणी पाण्यात कसे वागते

सांडपाणी मोठ्या पाण्यात सोडल्यावर तीन अवस्थांतून जाते. पहिली अवस्था झोताची. नळातून जोराने बाहेर पडलेले पाणी आजूबाजूचे पाणी आपल्यात ओढून घेते आणि काही मिनिटांतच बरेच पातळ होते. दुसरी अवस्था वजनाच्या फरकामुळे येते. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन सुमारे १,००० किलोग्रॅम, तर तितक्याच समुद्राच्या पाण्याचे सुमारे १,०२५ किलोग्रॅम भरते. सांडपाणी बहुतांशी गोडे असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यात वर चढते आणि पृष्ठभागावर पातळ थरासारखे पसरते. तिसऱ्या अवस्थेत हा थर भरती, ओहोटी व वारा यांच्याबरोबर इकडेतिकडे वाहतो आणि हळूहळू विरत जातो.

मुंबईत वरळी व वांद्रे येथील सांडपाणी किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन किलोमीटर आत समुद्रतळाशी नेऊन अनेक छिद्रांतून सोडले जाते, ते पहिल्या दोन अवस्थांचा पुरेपूर लाभ मिळावा म्हणूनच. गावचा ओहोळ मात्र खाडीच्या काठालाच मिळतो. तेथे झोत नसतो व खोलीही नसते. घाण पाणी काठाला बिलगून वरच्या थरात राहते. उथळ काठीच कालवे व तिसऱ्या असतात आणि तळ्यांची दारेही तेथेच असतात, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

पातळ होण्याबरोबरच आणखी दोन क्रिया चालू असतात. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होतो. पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस असता एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सव्वासहा मिलिग्रॅमच्या आसपासच. म्हणजे उन्हाळ्यातील खाडीत मुळातच शिल्लक थोडी असते. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. दुसरी क्रिया रोगजंतूंच्या नाशाची. खारे पाणी व कडक ऊन यांमुळे विष्ठेतील जंतू काही तासांत मोठ्या प्रमाणात मरतात. परंतु रात्री, ढगाळ दिवसांत व गढूळ पाण्यात ते बराच काळ टिकून राहतात.

उधाण आणि भांग

खाडीतून घाण बाहेर जाते ती ओहोटीबरोबर. पण बाहेर गेलेल्या पाण्याचा काही भाग पुढच्या भरतीस परत येतो. उधाणात पाण्याची उलाढाल मोठी असते, भांगात ती थोडी असते. यातील फरक किती पडतो हे कल्पित आकड्यांनी समजून घेता येईल.

प्रत्येक भरतीच्या फेऱ्यात खाडीत घाणीचा एक भाग पडतो असे धरू. उधाणात प्रत्येक ओहोटीस खाडीतील निम्मी घाण निघून जाते आणि भांगात केवळ दहावा हिस्सा जातो, असेही मानू. स्वच्छ खाडीपासून प्रारंभ केल्यास उधाणाच्या चार दिवसांत, म्हणजे सुमारे आठ भरत्यांत, खाडीतील घाण दोन भागांवर स्थिरावते. भांगाच्या तेवढ्याच आठ भरत्यांत ती पावणेसहा भागांच्या जवळ जाते आणि वाढतच राहते. ओहोळ तोच व पाणीही तेवढेच, तरी खाडीची अवस्था जवळजवळ तिप्पट वाईट. यावरून असे दिसून येईल की, किती सांडपाणी पडले एवढे विचारून भागत नाही. ते कोणत्या तिथीस, कोणत्या ऋतूत व भरतीच्या कोणत्या घटकेस पडले, हेही विचारले पाहिजे.

गणिताची वाट व तिची अडचण

या प्रश्नाचे गणित करण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासावरून स्ट्रीटर व फेल्प्स या दोघांनी १९२५ साली सांडपाणी पडल्यानंतर नदीतील प्राणवायू कसा खालावतो व पुढे कसा सावरतो याचे सूत्र मांडले. पुढे झोताची, लोटाची व भरती-ओहोटीच्या प्रवाहाची समीकरणे संगणकावर सोडविता येऊ लागली. अशा गणिती मांडणीस प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. पुण्याजवळ खडकवासला येथे १९१६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अशा प्रकारचे अभ्यास होत आले आहेत.

या प्रतिमानांचा पाया भौतिक नियमांचा असल्याने ती भरवशाची असतात. परंतु त्यांना खाडीची खोली जागोजागी मोजलेली लागते, प्रवाहांची मापे लागतात, तज्ज्ञ लागतात आणि एकेका प्रसंगाचे गणित सुटण्यास बराच वेळ लागतो. मोठ्या बंदरासाठी वा औद्योगिक वसाहतीसाठी हा खर्च केला जातो. लहान खाडीच्या वाट्याला तो सहसा येत नाही.

दुसरी अडचण तपासणीची आहे. पाण्यातील जंतूंची संख्या प्रयोगशाळेत मोजण्यास एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आजचे पाणी कसे होते हे उद्या किंवा परवा समजते. तोवर त्यात माणसे न्हालेली असतात आणि तिसऱ्या बाजारात गेलेल्या असतात. ही दिरंगाई भरून काढण्यासाठीच यंत्रशिक्षणाकडे लक्ष वळले.

यंत्र शिकते म्हणजे काय

पाऊणपटीच्या हिशेबावरूनच ही रीत समजून घ्यावी. समजा, तिथीस कोणत्या आकड्याने गुणावे हे ठाऊक नाही. प्रथम निम्मा हा गुणक घेतला. अष्टमीस भरती चार वाजता येईल असा अंदाज निघाला, प्रत्यक्षात ती सहा वाजता आली. अंदाज दोन तास कमी पडला, म्हणून गुणक वाढवून एक केला. आता आठ वाजता हे उत्तर आले, म्हणजे दोन तास जास्त. गुणक पुन्हा कमी करून पाऊण केला आणि उत्तर जुळले. अंदाज करणे, चूक मोजणे व चुकीच्या मानाने गुणक दुरुस्त करणे, एवढेच शिक्षण यात आहे.

सांडपाण्याच्या प्रश्नात तिथी ही एकच बाब नसते. मागील चोवीस तासांचा पाऊस, भरतीची उंची, वाऱ्याची दिशा, ऊन, पाण्याचे तापमान व क्षारता अशा अनेक बाबी असतात आणि गुणकही शेकडो असतात. न्यूरल जाळे नावाच्या पद्धतीत हे सर्व गुणक यंत्र वरील रीतीनेच हजारो वेळा दुरुस्त करते. निर्णयवृक्षाच्या पद्धतीत यंत्र प्रश्नांची उतरंड लावते. काल पाऊस पडला काय? पडला असल्यास आज भांग आहे काय? भांग असल्यास पाण्याची क्षारता किती? असे विचारीत ते उत्तरापर्यंत जाते. असे अनेक वृक्ष तयार करून त्यांच्या उत्तरांची सरासरी घेण्याच्या पद्धतीस रँडम फॉरेस्ट म्हणतात. एका माणसाच्या अंदाजापेक्षा पाच जाणत्या माणसांच्या अंदाजाची सरासरी बहुधा अधिक बरी ठरते, तसेच हे आहे.

यंत्राची परीक्षा कशी घ्यावी हेही महत्त्वाचे आहे. सर्व नोंदी शिकविण्यास वापरू नयेत. उदाहरणार्थ, पाचांपैकी चार हिस्से नोंदी शिकविण्यास द्याव्यात व एक हिस्सा झाकून ठेवावा. यंत्राने कधीही न पाहिलेल्या नोंदींवर त्याचे उत्तर बरोबर आले तरच ते शिकले असे मानावे. पाठांतर करणारा विद्यार्थी जुन्या प्रश्नांची उत्तरे बिनचूक देतो आणि नव्या प्रश्नास अडखळतो. यंत्रासही ही खोड लागू शकते.

अन्यत्र झालेले कार्य

भारतात समुद्राच्या अभ्यासासाठी या रीतीचा अवलंब बराच पूर्वी सुरू झाला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. एम. सी. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातच न्यूरल जाळ्यांच्या साहाय्याने लाटांचे भाकीत करून दाखविले. मागील काही तासांच्या लाटांच्या मोजमापांवरून पुढील लाटांची उंची सांगणे हा त्यातील विषय होता.

हाँगकाँग येथे तेथील विद्यापीठाचे प्रा. जोसेफ ली यांच्या मार्गदर्शनाखाली समुद्रकिनाऱ्यांवरील पाण्याच्या गुणवत्तेचे दैनिक भाकीत देणारी वॉटरमन नावाची व्यवस्था उभारण्यात आली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील हील द बे ही संस्था काही किनाऱ्यांवर आज स्नान करणे सुरक्षित आहे की नाही याचे भाकीत यंत्रशिक्षणाने करून लोकांना कळविते. प्रयोगशाळेचा निकाल येण्यापूर्वीच सकाळी लोकांस सूचना मिळावी, हा यामागील हेतू होय.

तिसरी रीत दोन्ही मार्गांचा मेळ घालणारी आहे. भौतिक नियमांवरील प्रतिमान मोठ्या संगणकावर शेकडो निरनिराळ्या परिस्थितींसाठी चालवितात, त्याची उत्तरे यंत्रास शिकवितात आणि नंतर ते यंत्र तत्सम प्रश्नांची उत्तरे क्षणार्धात देते. नळातून निघालेला झोत किती पातळ होईल हे प्रयोगशाळेतील मोजमापांवरून शिकविलेल्या यंत्राने सांगण्याचे कार्यही कॅनडातील ओटावा विद्यापीठासारख्या ठिकाणी झाले आहे. लहान खाडीसाठी हा मेळ विशेष उपयोगी ठरण्यासारखा आहे. कारण नोंदी थोड्या असतील तेथे भौतिक नियम आधार देतात.

एका खाडीचे यंत्र दुसरीस चालत नाही

यंत्र जेथे शिकले तेथेच ते शहाणे असते, ही त्याची मोठी मर्यादा होय. याचे उत्तम उदाहरण जवळच आहे. वाशिष्ठी नदीत कोयना जलविद्युत प्रकल्पातून वीजनिर्मितीनंतरचे गोडे पाणी येते. त्यामुळे उन्हाळ्यातही तिचा प्रवाह चालू असतो आणि विजेच्या मागणीप्रमाणे कमीजास्त होतो. भारजा नदीस असा आधार नाही. वाशिष्ठीच्या नोंदींवर शिकलेले यंत्र केळशीस आणून बसविले तर चैत्रातही खाडीत वरून पाणी येत आहे अशा समजुतीने ते उत्तर देईल आणि घाण लवकर निघून जाईल असे खोटे आश्वासन देईल. खाडी वेगळी असेल तर नोंदीही तेथल्याच हव्यात.

दुसरी मर्यादा न पाहिलेल्या प्रसंगांची. जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे आलेल्या महापुरासारखा प्रसंग नोंदींत नसेल तर त्याविषयी यंत्र जे सांगेल त्यावर विसंबू नये. केवळ उन्हाळ्यात घेतलेल्या नोंदींवर शिकलेले यंत्र पावसाळ्यात फसते. तिसरी मर्यादा खाडीच्या बदलत्या रूपाची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांतील बागांची अपरिमित हानी केली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. मोठी वादळे व पूर वाळू हलवितात आणि खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे सरकले की पाण्याची वाटही बदलते. अशा प्रसंगानंतर जुन्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राची नव्याने परीक्षा घेणे आवश्यक असते.

यातून एक गंभीर गोष्ट निघते. ज्या खाडीच्या नोंदी नाहीत तिच्याविषयी इतरत्र तयार झालेले भाकीत पुढे करून सर्व ठीक आहे असे सांगितले गेले, तर गावापाशी त्याचे उत्तर नसते. नोंदवही असेल तर ते भाकीत खरे की खोटे हे गावास ताडून पाहता येते. मासे मेल्यावर तक्रार करतानाही वर्षभराच्या तारीखवार नोंदींस जे वजन येते ते केवळ तोंडी सांगण्यास येत नाही.

नोंदवही कशी ठेवावी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने मच्छीमार, तळेधारक व शाळेतील शिक्षक यांच्या साहाय्याने हे काम हाती घ्यावे. त्यासाठी पुढील रीत सोयीची पडेल.

(१) स्थाने : खाडीच्या मुखाजवळ एक, ओहोळ मिळतो तेथे एक, तळ्यांच्या दारांजवळ एक आणि वरच्या अंगास एक, अशी चार स्थाने कायमची ठरवावीत. दर वेळी तीच ठेवावीत.

(२) दिवस व वेळ : अमावास्या, शुद्ध अष्टमी, पौर्णिमा व वद्य अष्टमी या चार दिवशी, पूर्ण भरतीस एकदा व पूर्ण ओहोटीस एकदा नोंद घ्यावी. यामुळे उधाण व भांग दोन्हींच्या नोंदी आपोआप मिळतात. चार स्थानांच्या मिळून महिन्यास ३२ व बारा महिन्यांत ३८४ नोंदी होतात. यंत्रास शिकविण्याचा प्रारंभ करण्यास एवढी पुंजी उपयोगी पडते.

(३) मोजमापे : पाण्याचे तापमान, क्षारता, पारदर्शकता, विरघळलेला प्राणवायू आणि मागील चोवीस तासांचा पाऊस यांची नोंद करावी. क्षारता मोजण्यास रिफ्रॅक्टोमीटर हे लहान उपकरण पुरते. पाण्याचे दोन थेंब काचेवर टाकून ते उजेडाकडे धरले की आकडा वाचता येतो. पारदर्शकतेसाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी खुणा केलेल्या दोरीने पाण्यात सोडावी व ती दिसेनाशी होते ती खोली लिहावी. प्राणवायूसाठी तळेधारक वापरतात तो तपासणी संच चालतो. मात्र बाटली भरताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये.

(४) डोळ्यांनी दिसणारे : पाण्याचा रंग, वास, फेस, पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे मासे, मेलेले मासे यांची नोंद करावी. काहीही वावगे न दिसल्यास तसेही लिहावे. यंत्रास चांगल्या दिवसांची ओळख नसेल तर वाईट दिवस ओळखता येत नाही.

(५) अंदाजाने आकडा लिहू नये : एखाद्या दिवशी मोजणे जमले नाही तर रकाना मोकळा सोडावा. मोकळा रकाना यंत्रास फसवीत नाही, कल्पित आकडा मात्र फसवितो.

(६) जंतूंची तपासणी : दर ऋतूत निदान काही नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. भाकीत ज्या गोष्टीचे करावयाचे, ती गोष्ट मोजलेलीच नसेल तर यंत्रास शिकविता येत नाही.

नोंदी काही महिन्यांच्या झाल्या की दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ किंवा त्याचे रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय यांतील तज्ज्ञांस त्या दाखवून त्यांचे मार्गदर्शन घ्यावे. मूळ वही गावातच ठेवावी व प्रत द्यावी.

यंत्र येण्यापूर्वीचा लाभ

नोंदवहीचा उपयोग यंत्राची वाट पाहत थांबत नाही. समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यासाठी असलेल्या मानकांत स्नानाच्या पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, तर शिंपलेवर्गीय जीवांच्या व मत्स्यसंवर्धनाच्या पाण्यात किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू अपेक्षिलेला आहे. पहाटेच्या ओहोटीस आपल्या खाडीचा आकडा याच्या किती वर किंवा खाली आहे, हे वहीतून लगेच समजते.

तळेधारकांनी भरतीच्या पहिल्या पाण्यास दार उघडू नये. पहिले पाणी म्हणजे ओहोटीबरोबर बाहेर गेलेलेच पाणी परत येत असते. भरती पूर्ण होण्याच्या सुमारास समुद्राचे ताजे पाणी आत येते आणि क्षारतेचा आकडा वाढल्याने ते ओळखताही येते. सांडपाणी वरच्या थरात तरंगते, म्हणून शक्य तेथे पाणी पृष्ठभागाखालून घ्यावे. भांगाच्या दिवसांत पाणी बदलणे टाळता आल्यास टाळावे. बंदिस्तीच्या उघाड्या हाताळणाऱ्यांनीही हा नियम लक्षात ठेवावा.

तिसऱ्या व कालवे पाणी गाळून आपले अन्न मिळवितात, त्यामुळे पाण्यातील जंतू त्यांच्या अंगात साठतात. पहिल्या मोठ्या पावसाने गावातील साचलेली घाण खाडीत येते. त्यानंतरचे काही दिवस ओहोळाजवळील तिसऱ्या व कालवे काढू नयेत आणि एरव्हीही ती चांगली शिजवूनच खावीत.

भाकीत म्हणजे शुद्धीकरण नव्हे

यंत्र कितीही चांगले शिकले तरी ते घाणीचा एक थेंबही कमी करीत नाही. घरगुती सांडपाण्याची जैवरासायनिक प्राणवायूची मागणी लिटरमागे सामान्यतः २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार जमिनीवरील जलाशयांत सोडावयाच्या पाण्यासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आणि समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यासाठी १०० मिलिग्रॅम आहे. हे अंतर भाकिताने भरून निघत नाही. त्यासाठी शोषखड्डे, परसबागेत सांडपाण्याचा उपयोग, पाझरणाऱ्या टाक्यांची दुरुस्ती व विहिरींपासून त्यांचे योग्य अंतर हेच उपाय करावे लागतात. केळशीसारख्या वालुकामय जमिनीत पाझर लवकर पसरतो, म्हणून ही दक्षता अधिक घ्यावी.

भाकिताचे काम वेगळे आहे. कोणत्या दिवशी दार बंद ठेवावे, कोणत्या काठी तिसऱ्या काढू नयेत, कोणत्या ओहोळावर प्रथम खर्च करावा आणि केलेल्या खर्चाने पाणी खरोखर सुधारले की नाही, हे ते सांगू शकते. हा लाभ पदरात पाडून घ्यावयाचा असेल तर येत्या अमावास्येस खाडीच्या चार स्थानांवर पहिली नोंद व्हावी. एक वही, एक तबकडी, एक तापमापक व दोन लहान उपकरणे एवढ्याने हे काम सुरू होते. वर्ष संपेपर्यंत ते नियमितपणे चालू ठेवणे हे मात्र गावाच्याच हाती आहे.